वाकळांची खोली

१

“...सुहासच्या त्या खोलीत बाई हाय कुनीतरी. येताना-जाताना दिसत न्हाई, निस्ती हसताना ऐकू येती. आन कोमलला समदं ठाऊक हाय, पर ती पोरगी...”

रतनबाईचं बोलणं तिथंच तुटलं. वीज गेल्यामुळे गिरणी बंद पडली होती, नाहीतर एवढंसुद्धा नंदाबाईच्या कानावर आलं नसतं. ती तांदळाचा डबा कमरेवर घेऊन दारात उभी होती आणि आत बाकड्यावर बसलेल्या बायकांनी तिला बघून माना खाली घातल्या होत्या. रतनबाईनं तर पिशवीचा नीट बांधलेला बंद सोडून परत बांधायला घेतला.

“पर ती पोरगी काय गं रतन?” डबा खाली ठेवत नंदाबाईनं विचारलं.

“काय न्हाई बया. तुझ्या कोमलचंच कवतिक चाललंतं. कंप्युटरवर काय काय करती म्हनलं.”

“आन बाई कोन हसती?”

“टीव्हीतली,” रतनबाई म्हणाली आणि यंदा भाताला दाणा कसा भरलाय त्यावर बोलू लागली.

आता खरं सांगायचं तर औंढे गावात असली अर्धी वाक्यं पुरी करायचं काम इतकी वर्षं नंदाबाईच करत आली होती. कुणाकडं पाहुणे उतरले, कुणाची सून माहेराहून परतायला का उशीर लावतेय, सगळं तिला आधी कळायचं. वाईट मनानं नव्हे. कुणी आजारी पडलं तर पेजेचं पहिलं पातेलंही तिचंच पोचायचं. आज मात्र खबर तिच्याच घरची होती आणि ती अर्धीच हातात आली होती.

शिवाय रतनबाईची नणंद दिलेली होती परंदवडीला. कोमलचा साखरपुडा झाला होता तो परंदवडीच्याच सत्यमशी. म्हणजे हे वाक्य तिकडे पोचायला फार तर एक बाजाराचा दिवस.

२

सुहास मूळचा लोणावळ्याचा, चिक्कीच्या कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा. आधी तो एका रिसॉर्टवर होता. कंपन्यांच्या सहली यायच्या, त्यांच्यापुढं माईक घेऊन खेळ घ्यायचा, साहेबांच्या नकला करायचा. मग पुण्यात कुठल्याशा कॅफेत उभा राहून विनोद सांगू लागला. धबधब्याखाली छत्री उघडून उभ्या राहणाऱ्या मुंबईच्या पाहुण्यांवरचा त्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला. तिकीट लावून कार्यक्रम झाले, पेपरात फोटो आला. आणि मग मुंबईतल्या एका मोठ्या थिएटरात काहीतरी बिनसलं. माणसं भरलेली, विनोद तेच, पण कुणी हसेना. पुढच्या गावी तसंच, त्याच्या पुढच्या गावीही तसंच.

तेव्हा त्यानं स्टेज सोडलं, नंदाबाईच्या भिंतीला लागून असलेली श्रीपतीआबांची बंद खोली भाड्यानं घेतली आणि ‘तोंडी लावायला’ नावाचा पॉडकास्ट काढला. पॉडकास्ट म्हणजे काय हे नंदाबाईनं आपल्यापुरतं समजून घेतलं होतं: माणसाला समोर बसवायचं, बोलतं करायचं आणि मग ते जगाला ऐकवायचं. हे काम ती आजवर फुकटात करत होती.

कोमल तळेगावला कोर्स करून आलेली. रेकॉर्डिंग सांभाळायला सुहासनं तिला ठेवलं. मुलगी चार पावलांवर, दिवसाउजेडी काम, नंदाबाईला बरंच वाटलं.

अडचण होती ती आवाजाची. हायवेची घरघर, रेल्वेचा भोंगा, पत्र्यावरचा पाऊस, सगळं माईकमध्ये शिरायचं. सुहासनं भिंतींना महागाचा फोम लावला, तर आषाढातच त्याला हिरवी बुरशी आली.

“वाकळा लाव की,” नंदाबाईच म्हणाली होती. “माझी सासू म्हनायची, वाकळंत तोंड घालून रडलं तर शेजारच्या खोलीत कळत न्हाई.”

आणि तिनंच गावभर फिरून त्या गोळा केल्या. आता कुणाला हव्या असतात? सगळ्यांकडे मऊ ब्लँकेटं आलीत. माळ्यावर, पेटीत पडून राहिलेल्या जुन्या वाकळा लोकांनी आनंदानं दिल्या. वाकळ म्हणजे वरून एक धड लुगडं, खालून एक धड लुगडं आणि पोटात घरातल्या गेलेल्या माणसांची धुवट कापडं. म्हातारीचं लुगडं टाकायचं नसतं, पोटात घालायचं. नातवंडं तिच्या उबेत झोपतात. नंदाबाईनं आपल्या घरचीही दिली. तिच्या सासूची, भागुबाईची, दोन्ही लुगडी तिच्या पोटात होती.

खिळे मारून सुहासनं त्या चारी भिंतींना टांगल्या. काम झाल्यावर नंदाबाई बघायला गेली आणि तिला जरा कसंसंच झालं. आजवर वाकळ आडवी बघितलेली, अंथरलेली नाहीतर घडी घातलेली. उभी कधी बघितली नव्हती.

३

गिरणीवरून आल्यापासून तिनं लक्ष ठेवायला सुरुवात केली. दसरा होऊन गेला होता, पाऊस उघडला होता. सकाळी सूप घेऊन ती पायरीवर बसायची, तांदूळ निवडायची, नजर मात्र शेजारच्या दाराशी. त्या खोलीला दार एकच, आणि मागच्या खिडकीला सुहासनं विटा लावून घेतलेल्या. आत जायचं तर चपला बाहेर काढूनच. चपला खोटं बोलत नाहीत.

बाहेर सुहासचे पांढरे बूट होते आणि कोमलच्या सँडल. बाकी काही नाही.

आणि आतून बाई हसली.

मोठ्यानं नव्हे. दाबून, नाकातून निसटल्यासारखं. कोमलचं हसणं तर नंदाबाई झोपेत ओळखेल; हे तिचं नव्हतं. मागोमाग आणखी एक हसू आलं, त्याहून जाड, आणि मग एकमेकींना ढोसून बायका गप्प होतात तसं सगळं थांबलं. त्यानंतर सुहासचा आवाज आला. काहीतरी सांगू लागला.

नंदाबाईचे हात सुपात तसेच राहिले. आधी हसू आणि मग विनोद, हे काय उलटं?

दुपारी दोघं बाहेर आली, सुहासनं कुलूप घातलं. तिसरं कुणी निघालं नाही. नंदाबाईनं जाऊन कुलपाला हात लावून बघितलं, दाराच्या फटीला कान लावला. आत कापडाचा असतो तसला बसका शांतपणा होता.

संध्याकाळी भाकऱ्या थापताना तिनं विषय काढला. “कोमे, कोन बाई येती गं तिथं?”

“कुणी नाही.”

“हसतंय ते?”

“आई, ते तयार हसू असतं. फाईल मिळते नेटवर. मागं लावतात, म्हणजे ऐकणाऱ्याला पण हसू येतं.”

नंदाबाईला हे पटलं. टीव्हीवरही असतंच की. दोन भाकऱ्या तिनं निश्चिंत मनानं थापल्या. तिसऱ्या भाकरीला तिच्या लक्षात आलं की पोरगी बोलताना तव्याकडं बघत होती, आईकडं नाही.

४

दुसऱ्या दिवशी ती अळूवड्यांची ताटली घेऊन सरळ आतच गेली.

“या मावशी,” सुहास म्हणाला. “अळूवडी आणलीत म्हणजे चौकशीला आलाय. शेंगदाण्याची चटणी असती तर नुसता फेरफटका म्हटलं असतं.”

“लय शाना झालास. खा गुमान.”

खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, माईक आणि कोपऱ्यात कोमलचा लॅपटॉप. बाकी वाकळाच. दार लोटल्याबरोबर हायवे बंद झाला, पाखरं बंद झाली. नंदाबाईला आपलाच श्वास कानाशी ऐकू यायला लागला. जुन्या कापडाचा, थोडा घामाचा, थोडा डांबरगोळ्यांचा वास होता. ती बोलली की आवाज पुढं जायचाच नाही, कुणीतरी तोंडासमोरच झेलून ठेवल्यासारखा.

“तुझं काम दाव की. मी गुपचूप बसते.”

सुहासनं कोमलकडं पाहिलं. कोमलनं मान हलवली, नको अशी. पण कलाकार तो. समोर माणूस बसलंय म्हटल्यावर त्याला राहवेना. हल्ली तो पुन्हा स्टेजवर जाऊ लागला होता; त्यानं पुण्याच्या कार्यक्रमासाठी बांधलेला नवा किस्सा सुरू केला, साखरपुड्यात मोबाईल हरवलेल्या मामाचा. चांगला होता. नंदाबाई हसली. पण तिला दिसत होतं की पोरगा तिच्यासाठी सांगतच नाहीये. तो वाक्य टाकायचा, थांबायचा आणि तिच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडं बघायचा. काही वाक्यांनंतर लगेच पुढं जायचा. काहींनंतर थांबूनच राहायचा, गर्दीला हसून घेऊ द्यावं तसा.

“कुनासाठी थांबतोस रं?”

त्यानं ताटलीतली वडी उचलली आणि परत ठेवली.

“मावशी, तुम्हाला मुंबईचं माहितीय. चारशे माणसं बसलीत आणि तुम्हाला पंख्याचा आवाज ऐकू येतोय. मी त्यानंतर औषध घेऊन झोपायचो. हितं आलो, ह्या लावल्या, एक दिवस असाच एकटा बोलत बसलो होतो... आणि कुणीतरी हसलं.” त्यानं माईकची वायर सरळ केली. “ज्या वाक्याला इथं हसतात ते वाक्य बाहेर कुठंही म्हणा, लोक खुर्चीवरून पडतात. गेल्या तीन कार्यक्रमांची तिकिटं संपलीत. आता ते कोण आहे ते मी विचारत नाही. तुम्हीपण विचारू नका.”

“येडा का काय? उंदीर असंल.”

कोमल उठली आणि तिनं आपला हेडफोन आईच्या कानांवर ठेवला. “कालचं आहे,” एवढंच म्हणाली.

कानात आधी नुसती खरखर. मग सुहासचा मामा. आणि मग ते.

पदराचा बोळा तोंडात कोंबून हसतात तसं हसू. थोरल्या माणसांसमोर हसायची चोरी असलेली बाईच तसं हसते. भागुबाई आख्ख्या जन्मात पुरुषांपुढं हसली नव्हती. गावात तिला खडूस म्हणायचे. पण चुलीपाशी, सुनेजवळ, दीर जेवून उठले की ती पदर तोंडात धरून अशी हसायची की खांदे हलायचे आणि शेवटी एक बारीकशी उचकी लागायची.

हेडफोनमध्ये हसू संपलं आणि शेवटी उचकी लागली.

नंदाबाईनं तो कानावरून काढला. खूप वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची आठवण झाली की डोळे भरतात तिचे. आज भरले नाहीत. आज तिला फक्त असं वाटत होतं की पाठ भिंतीकडं करून बसू नये.

५

घरी आल्यावर तिनं आपल्या मनाची समजूत घालायला सुरुवात केली. कापड आहे, ओल धरतं, ऊन लागलं की कुरकुरतं. उचकी काय, कुणालाही लागते. पण समजूत घालताना तिचे कान भिंतीलाच होते.

“ते विनोदाला हसत नाहीत, आई,” कोमल आपणहूनच म्हणाली. ती उंबऱ्यात बसली होती, पायाच्या बोटांनी माती उकरत. “सुहासदादाला तसं वाटतं. मी सगळं परत परत ऐकते ना, रेकॉर्डिंग कापताना. त्याच्या किश्शात पुढचं काही असलं की हसतात. मामा म्हणतो, आता आयुष्यात मोबाईल हरवणार नाही. तिथं हसतात.”

“मंग?”

“भिमाजी आबा आले होते बोलायला. म्हणाले, दिवाळी झाली की काशीला जाणार. इतकं हसू आलं की मला तेवढा भाग काढून टाकावा लागला. दसऱ्याआधीच गेले ते.”

“ऐंशीच्या घरातलं मानूस. त्याला कशाला हसू लागतंय जायला?”

“हो. मी पण तेच म्हटलं. पप्पूदादा म्हणाला, पवनेच्या काठाला दोन तंबू आहेत त्याचे दहा करणार. तेव्हा कुणी हसलं नाही. झाले ना दहा?” तिनं बोटानं माती सारखी केली. “परवा समीक्षाताई बोलायला आली होती. म्हणाली, यंदा आम्ही दोघं वेगळं घर करणार. हसले. आता ती माहेरी आलीय ते तूच मला सांगितलंस. जे व्हायचं नसतं त्यालाच हसतात.”

 आयुष्यभर जी खबर नंदाबाई दारोदार फिरून गोळा करत होती, ती शेजारच्या खोलीत कुणालातरी आधीच ठाऊक होती.

“तू कधी बोललीस का तिथं?” तिनं विचारलं. “तुझ्या लग्नाचं?”

“नाही. एकदाही नाही. तिथं मी तोंडच उघडत नाही.”

“मंग उद्यापासनं जाऊ नको.”

“नाही गेले तर लोक म्हणतील खरंच काहीतरी होतं,” कोमल म्हणाली. आणि ते बरोबर होतं.

६

रविवारी राजेश्वरी आली, सत्यमची आई. सांगावा न धाडता, एकटी, रिक्षानं. कोमल सकाळपासून शेजारी कामाला गेली होती. राजेश्वरीच्या हातात पेढ्यांचा पुडा होता, पण तो तिनं दिला नाही, मांडीवर धरून ठेवला.

“विहीनबाई, मला आडून बोलता येत न्हाई,” पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली. “आमच्याकडं बोलत्यात, त्या नट्या पोराच्या खोलीत बाया येत्यात आन तुमची पोरगी दाराशी राखनीला बसती. माझा पोरगा म्हनतो, आई, खोटं हाय. पन त्याला काय, तो येडा झालाय तिच्यामागं. मला माझ्या डोळ्यानं बघायचंय.”

“बघा की,” नंदाबाई म्हणाली. दुसरं म्हणण्यासारखं काही नव्हतंच. नाही म्हटलं असतं तर तिथंच मोडलं असतं.

टळटळीत दुपार होती. सुहासनं दार उघडलं, नमस्कार केला आणि बाजूला झाला. राजेश्वरी कसलीच भीड न ठेवता आत शिरली. टेबलाखाली वाकून बघितलं. एकेक वाकळ उचलून मागची भिंत थोपटली. भागुबाईचीही उचलली. नंदाबाईनं तेवढ्यापुरतं दुसरीकडं पाहिलं.

कोपऱ्यात कोमल कानाला हेडफोन लावून लॅपटॉपपुढं बसली होती. होणाऱ्या सासूला बघून ती उभी राहिली, पण हेडफोन काढायचं तिला सुचलं नाही.

“काय बी न्हाई की गं,” राजेश्वरी म्हणाली आणि खुर्चीत बसली. तिचा चेहराच सैल झाला. भली बाई होती. तिलाही हे मोडायचं नव्हतं. “कुनाचं काय कुनाचं काय. मेल्यांना उद्योग न्हाई. निस्त्या वाकळा बघायला मी रिक्षा करून आले.” तिनं पुडा सोडला, एक पेढा सुहासला, एक नंदाबाईला दिला. “आता माझं ऐका.”

“बाहेर बसू या का?” नंदाबाई घाईनं म्हणाली. “हितं कोंदट वाटतंय.”

“बसू की. पन आधी ऐका...”

आणि सुटलेल्या जिवानं माणूस बोलतं तशी ती एका दमात बोलत सुटली. तुळशीचं लग्न झालं की पहिला मुहूर्त धरायचा. सत्यमला कंपनीत कायम करणारेत. वरची खोली दोघांना, रंग द्यायला माणूस सांगितलाय. बोलता बोलता ती हातानं खोली दाखवत होती, जिना दाखवत होती.

नंदाबाई तिच्याकडं बघतच नव्हती. समोरच्या, भागुबाईच्या वाकळेकडं बघत होती.

आवाज काही झाला नाही. फक्त वाकळेचं कापड एका जागी, बुटक्या बाईचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर, हळूच आत ओढलं गेलं. मूठभर. कुणीतरी पदर तोंडात घ्यावा आणि दातांखाली धरून ठेवावा तसं. मग ती आख्खी वाकळ वरच्या अंगाला, खांद्यापाशी, हलायला लागली.

राजेश्वरीची पाठ तिकडं होती. सुहास जमिनीकडं बघत होता. कापड सुटलं, पहिल्यासारखं सपाट झालं. त्यावर एक ओला डाग राहिला, तोही बघता बघता वाळून गेला.

“...आन मला काय पायजे दुसरं,” राजेश्वरी संपवत होती. “तर विहीनबाई, तुमच्या तोंडानं एकदा सांगा. हितं बाई न्हाई ना कुनी? म्हंजे मला गावात छातीठोक सांगता येईल.”

“न्हाई,” नंदाबाई म्हणाली. “बाई न्हाई कुनी.” तिची नजर वाकळेवरून हलली नव्हती. “विहीनबाई, आत्ता काय काय म्हनालात ते परत म्हना की. एकेक करून. सावकाश.”

“का गं बया?”

“माझं ध्यान न्हवतं. सांगा. मुहूर्ताचं सांगा.”

राजेश्वरी हसली, पण सांगितलं. “तुळशीच्या लग्नानंतर पहिला मुहूर्त धरू.”

वाकळ हलली नाही.

“सत्यमला कायम करनार हायेत.”

हलली नाही.

“वरची खोली तुमच्या पोरीला. रंग देतोय.”

काहीच नाही. राजेश्वरी थांबली, कपाळाला बोट लावलं. “आन आनखी कायतरी म्हनाले बघा मी शेवटी. कोमलचं काहीतरी माझ्या हातानं करनार म्हनाले. काय म्हनाले? गेलं बघा डोक्यातनं. तुमाला आठवतंय का विहीनबाई?”

नंदाबाईला आठवत नव्हतं. तेव्हा ती बघत होती, ऐकत नव्हती. सुहासनंही नाही अशी मान हलवली. म्हणून तिनं कोमलकडं पाहिलं.

कोमल अजून उभीच होती, हेडफोन कानांवर.  ती राजेश्वरीकडं बघत होती, नको त्या वेळी आलेल्या परक्या माणसाकडं बघतात तशी नव्हे. जवळच्या कुणाला गाडीत बसवून निरोप देताना बघतात तशी.

“टिपलंय का गं ते?” नंदाबाईनं विचारलं.

“नाही आई,” कोमल म्हणाली. “बंद होतं.” आणि न बघता मागं हात नेऊन तिनं बटण दाबलं, तेव्हा माईकखालचा लाल दिवा विझला. मग ती पुढं आली, खाली वाकून राजेश्वरीच्या पायांना हात लावला आणि तो नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथंच ठेवला.